तान्हं बाळ रडायचं थांबत नाही तेव्हा: काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ

रडणाऱ्या तान्ह्या बाळासाठी घरात जे काही केलं जातं, त्यातलं बरंचसं बरोबर असतं. चुकतो तो क्रम, आणि चुकतो तो वेळ. बाळाला उचललं, अर्धा मिनिट झुलवलं. थांबलं नाही म्हणून पाजायला घेतलं. त्याने तोंड फिरवलं म्हणून ढेकर काढायला खांद्यावर टाकलं, मग दिवा लावून खुळखुळा वाजवला, मग दुसऱ्याच्या हातात दिलं. दहा मिनिटांत सात उपाय झाले आणि एकालाही लागू पडायला वेळ मिळाला नाही. बाळ आधीपेक्षा जास्त चिडलं आणि आई-बाबांची खात्री झाली, की ‘आमच्या बाळाला कशाचाच उपयोग होत नाही.’

पुढचा क्रम जन्मापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंतच्या बाळासाठी आहे. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरतं. सहाव्या आठवड्यात दिवसाला दोन-अडीच तास रडणारं बाळही पूर्ण निरोगी असू शकतं, आणि त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळी व रात्रीच्या पहिल्या प्रहरात होतं. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर हे आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. नाहीतर ‘दोन महिने झाले तरी कमी होत नाही’ अशी उगाच धास्ती बसते.

## पायरी १: तयारी उजेडातच करून ठेवा

रात्री दोन वाजता थकलेल्या डोक्याने काही ठरवता येत नाही, म्हणून ठरवायचं ते दिवसा ठरवा.

१. बाळाची झोपायची जागा: सपाट, घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर. उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या यांतलं काहीच नको. ही जागा पहिले सहा महिने तुमच्याच खोलीत असावी, पण तुमच्या अंथरुणापासून वेगळी.

२. हाताशी ठेवायच्या वस्तू: चार-पाच लंगोट किंवा डायपर, पुसायचं कापड, बदलायचे दोन कपडे, दोन दुपटी, डिजिटल थर्मामीटर, मंद पिवळा दिवा. पाजणाऱ्या व्यक्तीसाठी पाण्याची बाटली.

३. एक वही आणि पेन. ती कशाला, ते शेवटच्या पायरीत येईल.

४. बालरोगतज्ज्ञांचा आणि रात्री सुरू असणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. फोनची बॅटरी नेमकी त्याच वेळी संपते.

५. रात्री कोण किती वाजेपर्यंत जागणार, हे संध्याकाळी बोलून घ्या. या पाळ्यांबद्दल सातव्या पायरीत सविस्तर आहे.

सावधान: सोफा आणि आरामखुर्ची या रात्री बाळाला घेऊन बसण्यासाठी सर्वांत धोक्याच्या जागा आहेत. डोळा लागला की बाळ कुशीत किंवा गाद्यांच्या फटीत सरकतं आणि त्याचं नाक-तोंड दाबलं जातं. पाजताना झोप लागेल असं वाटत असेल, तर उशा-पांघरुणं बाजूला केलेल्या पलंगावर बसून पाजणं त्या मानाने कमी धोक्याचं. तिथेही जाग येताच बाळाला त्याच्या जागी ठेवा.

## पायरी २: आधी आजार नाही ना, ते पाहा

याला तीनच मिनिटं लागतात, आणि ही पायरी गाळूनच सर्वाधिक लोक पुढे जातात. दिवा लावा, बाळाचे सगळे कपडे उतरवा आणि डोक्यापासून पायापर्यंत नजर टाका.

- तापमान मोजा. गुदद्वारातून ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त आलं, तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ती तातडीची गोष्ट आहे, मग बाळ कितीही ताजंतवानं दिसो. काखेत ३७.५ किंवा जास्त आलं तर जादा कपडे काढून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर डॉक्टरांना फोन करा. ३६ च्या खाली आलेलं तापमानही तितकंच गंभीर असतं.
- बाळ क्षणभर शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. ६० पेक्षा जास्त, प्रत्येक श्वासाला कण्हणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळसर होणं यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका.
- हातापायांचं प्रत्येक बोट वेगळं करून बघा, आणि मुलगा असेल तर शिश्नही. लांब केस किंवा मोज्यातला दोरा बोटाभोवती आवळून बसतो, बोट लाल होऊन सुजतं आणि बाळ काही केल्या थांबत नाही. केस दिसत नसेल पण बोटावर खोल वळ असेल तर घरी कोरत बसू नका, डॉक्टरकडे न्या.
- जांघेत फुगवटा आहे का, वृषणाला सूज किंवा लाली आहे का, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली आहे का, ते पाहा.
- हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, प्रत्येक दुधानंतर जोराने लांब उडणारी उलटी, ताणलेलं आणि कडक पोट.
- लागोपाठ दोन-तीन वेळा दूध नाकारणं, उठवूनही नीट जागं न होणं, अंग लुळं पडणं, रडण्याचा आवाज एकाएकी किरटा किंवा क्षीण होणं.

या यादीतलं काहीही आढळलं तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे निघा. हिरवी उलटी म्हणजे आतड्यात अडथळा असू शकतो. ‘सकाळी बघू’ म्हणण्याची ती गोष्ट नव्हे.

तपासा: यादीतलं काही नसलं, तरी ‘हे रडणं नेहमीचं नाही’ असं आतून वाटतंय का? रोज त्या बाळाला हाताळणाऱ्या माणसाची ही शंका डॉक्टरही गांभीर्याने घेतात. संकोच न करता फोन करा.

## पायरी ३: गरजा, आणि त्याही एकेक करून

भूक. पहिल्या आठवड्यांत बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. इथे हमखास होणारी चूक मोजण्यातली असते: दोन पाजण्यांमधलं अंतर पहिल्या पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत धरायचं, पाजून झाल्यापासून नाही. आठ वाजता सुरू करून पावणेनऊला संपलं असेल, तर दहा वाजता पुन्हा लागलेली भूक अगदी वेळेवर आहे. संध्याकाळी तर काही बाळं तास-तासाने मागतात. त्याचा अर्थ दूध कमी पडतंय असा होत नाही. रात्रीच्या लांब झोपेआधी अनेक बाळं असंच करतात.

रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मान वळवून तोंड उघडतं, जीभ बाहेर काढतं, मुठी तोंडाकडे नेतं. तेव्हाच घेतलं तर नीट पितं. रडून लालबुंद झालेलं बाळ स्तन तोंडात धरत नाही, कारण त्याची जीभ वर टाळ्याला चिकटलेली असते. अशा वेळी आधी दोन मिनिटं उभं धरून शांत करा, मग पाजा.

दूध पुरतंय का, याची खात्री रडण्यावरून होत नाही. ती लंगोटावरून आणि वजनावरून होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा ओले लंगोट हवेत. जन्मानंतर घटलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यायला हवं. पावडरचं दूध देत असाल तर पहिला आठवडा संपल्यानंतर दिवसाला किलोमागे साधारण १५० ते २०० मिलिलिटर धरा. बाटलीत पाणी आधी घ्या, पावडर नंतर, आणि चमचा सुरीने सपाट करून घ्या. पोट जास्त वेळ भरलेलं राहावं म्हणून एक चमचा वाढवणं किंवा पुरवठ्याला यावी म्हणून पातळ करणं, दोन्ही बाळाला अपाय करतं. सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी देऊ नका, आणि वर्षाच्या आत मध मुळीच नको.

ढेकर. बाळाला उभं धरून पाठीवर पाच मिनिटं. ढेकर आली तर ठीक, नाही आली तर पुढे चला. दर वेळी यायलाच हवी असं नाही, आणि तिच्या मागे लागून वीस मिनिटं पाठ थोपटली तर झोपायला आलेलं बाळ जागं होतं. दूध वारंवार बाहेर टाकणारं बाळ पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं उभं धरा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाटच.

लंगोट आणि तापमान. बाळाला गरम होतंय का, ते मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून ठरवा. हात-पाय थोडे गार असणं नेहमीचंच. मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. घरात टोपी नको.

झोप. ही गरज सर्वांत जास्त निसटते. पहिल्या महिन्यात बाळ एका वेळी साधारण ४५ ते ६० मिनिटंच जागं राहू शकतं, आणि त्यात पाजण्याची वेळही आली. दुसऱ्या महिन्यात हे तास-दीड तासापर्यंत जातं. नजर चुकवणं, शून्यात बघणं, भुवया लालसर होणं या झोपेच्या खुणा. जांभई येईपर्यंत थांबलात तर उशीर होऊ लागलेला असतो. ‘दिवसा जागं ठेवलं तर रात्री झोपेल’ हा हिशेब या वयात उलटा पडतो: अति थकलेलं बाळ जास्त रडतं आणि झोपलं तरी लवकर उठतं.

तपासा: बाळ लाल होऊन कुंथतंय, दहा मिनिटं रडतंय आणि मग मऊ शी होतेय? ही बद्धकोष्ठता नाही. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ बाळाला अजून जमत नाही. काही आठवड्यांत तो जमतो. गुदद्वारात काहीही घालून मदत करू नका. त्याने ही सवय जमायला उशीरच होतो.

## पायरी ४: शांत करणं — एक उपाय, पूर्ण पाच मिनिटं

आता बाळ आजारी नाही, भुकेलं नाही, कोरडं आहे आणि तरीही रडतंय. इथून पुढे एकावर एक थर चढवत जायचं. आधीचं सोडून नवं धरायचं नाही, आधीच्यावर नवं घालायचं.

१. खोली. दिवा मंद करा, टीव्ही आणि गप्पा बंद. एका वेळी एकाच माणसाने बाळ घ्यायचं. दर दोन मिनिटांनी हात बदलले, की बाळाला दर वेळी नवा वास, नवा आवाज, नवी लय.

२. गुंडाळणं. हात अंगालगत, दुपटं छातीवर नीट बसेल पण आत दोन-तीन बोटं जातील इतपत. कमरेखाली सैल हवं: पाय गुडघ्यात वाकवून बाहेरच्या बाजूला पसरता आले पाहिजेत. पाय सरळ करून आवळले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. ताप असेल तर गुंडाळू नका. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं, म्हणजे बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की हा उपाय त्याच दिवशी बंद करा.

३. उचलून चालणं. छातीला घट्ट लावून, मानेला आणि डोक्याला आधार देऊन, एकाच गतीने, न थांबता पाच मिनिटं. घड्याळ लावा, कारण रडणाऱ्या बाळासोबत दीड मिनिटसुद्धा पाचासारखं वाटतं. जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमकं हेच मोजलं. रडणारी बाळं पाच मिनिटं सलग चालल्यावर शांत झाली, त्यातली बरीच झोपली. नुसतं घेऊन बसल्याने तसं झालं नाही. वाट मोकळी ठेवा. एकाएकी वळणं, थांबणं, खाली वाकणं टाळा.

४. आवाज. पंख्यासारखा सलग, सपाट आवाज किंवा तोंडाने लांबलचक ‘श्श्श’. यंत्र किंवा फोन वापरत असाल तर तो बाळापासून किमान दोन मीटर दूर, आणि आवाज इतकाच की त्यातून तुमचं साधं बोलणं सहज ऐकू यावं. रडण्यावर मात करायला आवाज चढवत नेऊ नका; बाळाच्या कानाला ते सोसत नाही.

५. चोखणं. स्वच्छ बोट किंवा चोखणी. अंगावर पाजत असाल तर पाजणं नीट बसेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, चोखणी लांबवलेली बरी. ती दोरीने गळ्यात बांधायची नाही.

प्रत्येक थराला पाच मिनिटं द्या. रडणं लगेच थांबणार नाही; आधी त्यात खंड पडू लागतात, मग हुंदके येतात. खंड पडू लागला की उपाय लागू पडतोय असं समजा आणि काहीही बदलू नका. नेमक्या याच वळणावर ‘अजून रडतंयच’ म्हणून उपाय बदलला जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

सावधान: झुलवणं म्हणजे हळू, लहान, डोक्याला आधार असलेली हालचाल. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही, काही सेकंदसुद्धा नाही. मान कमजोर आणि डोकं जड असल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. बाळ दगावू शकतं किंवा जन्माचं अपंग होऊ शकतं.

## पायरी ५: खाली ठेवणं

हातात झोपलेलं बाळ गादीला टेकताच जागं होतं, ही घरोघरची तक्रार. कारण बाळाच्या झोपेतच आहे. तान्हं बाळ आधी हलक्या, चळवळ्या झोपेत जातं: पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, श्वास कमी-जास्त होतो. गाढ झोप त्यानंतर येते. डोळे मिटल्या मिटल्या ठेवलंत तर ते जागं होणारच.

१. डोळे मिटले की बसा आणि पाच ते आठ मिनिटं तसंच धरून राहा. वर सांगितलेल्या अभ्यासातही एवढं थांबल्यावर बाळं खाली ठेवताना कमी जागी झाली.

२. हाताची परीक्षा घ्या. बाळाचा हात अलगद उचलून सोडा. लुळा पडला तर गाढ झोप. मूठ आवळली तर अजून थांबा.

३. ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं. बाळ बहुधा गादीला टेकल्याने जागं होत नाही, तुमच्या अंगापासून सुटताना होतं. म्हणून त्याला छातीशी धरूनच गादीपर्यंत वाका आणि शेवटच्या क्षणी सावकाश वेगळे व्हा.

४. तळवा त्याच्या छातीवर अर्धा-एक मिनिट ठेवा, मग वजन हळूहळू काढा.

५. बाळ पाठीवरच. कुशीवर नाही, पोटावर तर नाहीच.

तपासा: अर्ध्या-पाऊण तासाने कण्हण्याचा, कुरकुरण्याचा आवाज आला तर उचलण्याआधी एक मिनिट नुसतं बघा. डोळे मिटलेले असतील तर ते बहुतेक झोपेतच आहे. पालक घाईने उचलतात आणि झोपलेलं बाळ जागं करतात. रात्रीतली काही जागरणं तरी अशी हातानेच ओढवून घेतलेली असतात.

## पायरी ६: सगळं करून झालं आणि तरी थांबत नाही

असं होतं, आणि त्यात तुमची चूक नसते. काही रडणं कुठल्याच उपायाने थांबत नाही, ते आपलं आपण संपतं.

जबडा आवळला जातोय, हात कडक होताहेत, आवाज चढतोय असं जाणवलं, की बाळाला त्याच्या रिकाम्या, सपाट जागेवर पाठीवर ठेवा, दार लोटा आणि दुसऱ्या खोलीत जा. दहा मिनिटांचा गजर लावा. तोंडावर पाणी मारा, कुणाला तरी फोन करा. गजर झाला की बाळाकडे बघून या. तुमचं मन अजून थाऱ्यावर नसेल तर पुन्हा दहा मिनिटं घ्या. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्याने बाळाला इजा होत नाही. संतापलेल्या हातांत ती होऊ शकते. घरात बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ही पायरी आधीच सांगून ठेवा.

## पायरी ७: मोठ्यांची झोप पाळ्यांनी

दोघांनीही प्रत्येक वेळी उठायचं, हा प्रेमाने केलेला पण महागात पडणारा निर्णय. चार दिवसांत दोघेही निकामी होतात. त्याऐवजी रात्र वाटून घ्या: एकाची पाळी नऊ ते दोन, दुसऱ्याची दोन ते सात. पाळी नसलेल्याने शक्य असेल तर वेगळ्या खोलीत, कानात बोळे घालून झोपायचं. सलग चार-पाच तास मिळाले, तर तुकड्या-तुकड्यांच्या सात तासांपेक्षा माणूस जास्त सावरतो.

आई अंगावर पाजत असेल तर तिला उठावं लागतंच. मग बाकीचं सगळं दुसऱ्याचं: बाळ आणून देणं, लंगोट, ढेकर, झोपवणं. तिचं जागरण तासावरून वीस-पंचवीस मिनिटांवर येतं. काढून ठेवलेलं आईचं दूध सामान्य तापमानाला (२५ अंशांपर्यंत) चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, त्यामुळे एखादं पाजणं दुसऱ्याला देता येतं. एकट्याने बाळ सांभाळत असाल, तर ‘काही मदत हवी का?’ असं विचारणाऱ्याला नेमकी वेळ सांगा: ‘उद्या दुपारी दोन ते पाच बाळाला घे, मी झोपते.’

झोप तुटलेली असताना गाडी चालवू नका.

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं सर्रास घडतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेना, कशातच जीव रमेना, तर डॉक्टरांना सांगा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वडिलांनाही तो होतो. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, नसलेले आवाज ऐकू येणं, झोपेची गरजच न वाटणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि त्या व्यक्तीला बाळासोबत एकटं सोडू नका.

## पायरी ८: तीन दिवसांची नोंद, आणि मग डॉक्टर

वहीत चोवीस तासांचे चार रकाने करा: दूध, झोप, लंगोट, रडणं. मिनिटांचा काटेकोरपणा नको, पंधरा मिनिटांच्या अंदाजाने पुरतं. तीन दिवस झाले की रडण्याचा नमुना दिसू लागतो. ‘दिवसभर रडतं’ असं वाटणारं बाळ प्रत्यक्षात सहा ते नऊच्या दरम्यान रडत असतं, असं पुष्कळदा निघतं. मग पाळ्या त्यानुसार लावता येतात.

एका वेळी एकच बदल करा आणि तो तीन दिवस ठेवा. बाटलीचं निपल, पावडर आणि झोपेची वेळ एकदम बदलली, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध नको. गॅससाठीचे सिमेथिकोनचे थेंब चाचण्यांमध्ये औषध नसलेल्या नुसत्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमिन असलेली पोटदुखीची औषधं सहा महिन्यांच्या आत देऊच नयेत. त्यांनी श्वास अडखळल्याच्या घटना झालेल्या आहेत. झोप आणणारी सर्दीची औषधं तर बाळाजवळ आणूही नका. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या थेंबांचा काहीसा उपयोग दिसला आहे. ते द्यायचे का, हे वही दाखवून डॉक्टरांशी ठरवा.

भेटीच्या वेळी वहीबरोबर रडण्याचा एक मिनिटाचा व्हिडिओही न्या, कारण दवाखान्यात पोचल्यावर बाळ हमखास झोपलेलं असतं. वजन वाढत नसेल, शीमध्ये शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा रक्त असेल, अंगावर इसबासारखे चट्टे असतील, तर ते आधी सांगा: गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी तपासण्याची ती कारणं आहेत. आणि रडणं चौथ्या महिन्यानंतरही ओसरत नसेल, किंवा तोवर शांत असलेलं बाळ एकाएकी असं रडू लागलं असेल, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता बाळाला दाखवून या.